मिरचीची पाने पिवळी का पडली : सोळा कुंड्यांच्या नोंदी

६ फेब्रुवारी

ही वही दहा दिवस आधीच उघडायला हवी होती. सोळा कुंड्यांपैकी चौदा कुंड्यांतील मिरचीच्या झाडांवर पिवळेपणा दिसत आहे. तो नेमका कधी आणि कोणत्या पानापासून सुरू झाला हे आज खात्रीने सांगता येत नाही, आणि निदानाच्या दृष्टीने तीच माहिती सर्वांत मोलाची असते. रोपे लावून नऊ आठवडे झाले आहेत. प्रत्येक कुंडी १२ लिटरची असून तिच्यात दोन भाग माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग कुजलेले शेणखत आहे. पुढच्या ओळीत १ ते १० क्रमांकाच्या कुंड्यांत तिखट मिरची आहे. मागच्या ओळीत ११ ते १६ क्रमांकाच्या कुंड्यांत ढोबळी मिरची असून पाणी खाली सांडू नये म्हणून त्या कुंड्यांखाली तबकड्या ठेवल्या आहेत.

झालेली चूकही नोंदवून ठेवतो. २९ जानेवारी रोजी मी सर्व झाडांवर मॅग्नेशियम सल्फेटची, म्हणजे एप्सम मिठाची, लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात फवारणी केली. पान पिवळे दिसले की मॅग्नेशियम द्यावे, हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो की मीही तो पडताळून न पाहता अमलात आणला. आठ दिवस उलटले तरी एकाही झाडावर फरक नाही. गरज नसताना मॅग्नेशियम मुळाशी वारंवार पडत राहिले तर कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो, आणि मिरचीला कॅल्शियम कमी पडले की फळाचे टोक काळे पडून सडू लागते. म्हणून निदान होईपर्यंत कोणतेही खत किंवा औषध द्यायचे नाही, असे आज ठरवले.

७ फेब्रुवारी

आज सोळाही झाडे शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एकेक करून पाहिली. प्रत्येक झाडाबाबत दोनच प्रश्न विचारले : पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, आणि पान सरसकट पिवळे आहे की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे.

या दोन प्रश्नांमागचे कारण असे की झाडाच्या अंगात सगळी अन्नद्रव्ये सारखी फिरत नाहीत. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडू लागले की झाड ती जुन्या पानांतून काढून वाढत्या शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात जाऊन बसले की तेथून जवळजवळ हलत नाहीत. म्हणून त्यांचा पुरवठा तुटला की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि नव्या पानांना झळ बसते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह त्या रेणूत नसते, मात्र रेणू घडवण्याच्या प्रक्रियेला ते लागते. त्यामुळे तिन्हींच्या अभावी पान पिवळे पडते, पण पिवळे पडण्याची जागा आणि नक्षी वेगवेगळी असते.

या कसोटीवर झाडांचे चार गट पडले. १ ते ७ या झाडांची वरची तीन-चार पाने लिंबाच्या रंगाची असून त्यांच्या बारीकसारीक शिराही हिरव्या आहेत, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळे काढले आहे. ८ क्रमांकाच्या झाडावर मधल्या पानांवर बारीक फिकट ठिपके आहेत. ११ ते १६ या ढोबळी मिरच्यांची खालची पाने शिरांसकट पिवळी पडून गळत आहेत आणि दुपारी झाडे मान टाकतात. ९ आणि १० ही दोन झाडे मात्र पूर्णपणे हिरवी आहेत. एकाच दिवशी, एकाच मिश्रणात लावलेल्या झाडांपैकी ही दोनच का वाचली, हे कळले तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतील असे वाटते.

८ फेब्रुवारी

अन्नद्रव्यांकडे वळण्याआधी किडी आणि रोग पाहून घेतले. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी हलकेच झटकली आणि कागदावर काय पडते ते दहापट भिंगातून पाहिले. ८ क्रमांकाच्या कागदावर धुळीच्या कणांएवढे ठिपके चालू लागले. पान उलटे करून पाहिल्यावर मुख्य शिरेच्या कडेने लाल कोळी, त्यांची गोल, काचेसारखी अंडी आणि अगदी विरळ जाळी दिसली. कोळी पानाच्या पेशींतील रस शोषतो आणि रिकाम्या झालेल्या पेशी वरून फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात, त्यामुळे या झाडाचा पिवळेपणा खतांशी संबंधित नाही.

इतर पंधरा झाडांवर कोळी, फुलकिडे, मावा किंवा पांढरी माशी आढळली नाही. पाने वर किंवा खाली वळलेली नाहीत, आखडलेली नाहीत, त्यांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची विषाणूजन्य नक्षी नाही. जिवाणूजन्य ठिपक्यांत दिसणारे पाणी भरल्यासारखे डाग आणि पानाच्या मागे उतरणारी भुरीची पांढरी बुरशीही नाही. विषाणू असता तर झाड उपटून टाकण्याखेरीज मार्ग नव्हता, म्हणून ही तपासणी पुन्हा एकदा करून खात्री केली.

८ क्रमांकाची कुंडी वेगळी नेऊन ठेवली आणि तिच्या सर्व पानांची मागची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली. अंडी धुवून पूर्ण जात नाहीत आणि उबदार हवेत ती काही दिवसांतच फुटतात, म्हणून दर तीन दिवसांनी असे पाच वेळा करायचे आहे.

९ फेब्रुवारी

आज १४ क्रमांकाचे झाड कुंडीतून बाहेर काढले. पाने पाहून जेवढे कळले त्याहून अधिक या दहा मिनिटांत कळले.

कुंडी आडवी करून कडेने हलके ठोकल्यावर मातीचा गोळा सरकून बाहेर आला. वरची दोन बोटे माती कोरडी, भुरकट आणि हाताला चांगली लागत होती. त्याखाली माती गडद होत गेली आणि तळाशी तर चिखलच होता, ज्याला गटारासारखा, कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता. मुळे तपकिरी पडली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत केसासारखा धागा उरला. पांढरी मुळी फक्त वरच्या कोरड्या थरात, तीही तुरळक.

तळाला मी पाणी निघून जावे म्हणून खडे घातले होते आणि चिखल बरोबर त्या खड्यांच्या वर साचला होता. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, मातीचा शेवटचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे खड्यांनी निचरा सुधारला नाही, उलट पाणी तुंबण्याची पातळी मुळांच्या आणखी जवळ आणली. त्यात खालच्या तबकडीत सतत पाणी असायचे आणि मी वरची कोरडी माती पाहून रोज आणखी पाणी घालायचो.

मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि प्राणवायूविना मूळ ना पाणी नीट ओढू शकते ना अन्नद्रव्ये. म्हणूनच ही झाडे ओल्या मातीत उभी राहून दुपारी सुकत होती, आणि म्हणूनच मातीत शेणखत असूनही पानांवर नत्राच्या कमतरतेसारखे लक्षण उमटले. येथे केवळ पान पाहून युरिया दिला असता तर उरलेली मुळेही गेली असती. खालची पाने सरसकट पिवळी दिसली तर आधी बोट मातीत खोल घालून पाहावे, शक्य असेल तर गोळा बाहेर काढावा आणि मगच खताचा विचार करावा, असे आता मला ठामपणे वाटते.

१० फेब्रुवारी

मागच्या ओळीच्या सर्व तबकड्या काढून टाकल्या आणि कुंड्या विटांवर चढवल्या. सहाही झाडे नव्या मिश्रणात लावली : खडे नाहीत, कोकोपीट कमी, त्याऐवजी एक भाग पर्लाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे. कुजलेली मुळे निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापली, तेवढ्याच प्रमाणात वरचा भार कमी व्हावा म्हणून कळ्या आणि लहान फळेही काढली. ढोबळी मिरचीची मुठीएवढी झालेली दोन फळे तोडताना फार वाईट वाटले, पण अपुऱ्या मुळांवर ती पोसली जाणार नव्हती. नवी वाढ दिसेपर्यंत खत नाही.

पाणी यापुढे ठरलेल्या वेळेवर न देता कुंडीचे वजन पाहून द्यायचे. पाणी देऊन निथळल्यावर कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घेतले. ती स्पष्टपणे हलकी वाटली आणि ५ सेंटिमीटर खोलीवरची माती बोटाला चिकटली नाही, तरच पाणी. मुळांना हवा आणि ओल दोन्ही मिळते त्या स्थितीला आपल्याकडे वाफसा हा नेमका शब्द आहे आणि कुंडीतही साधायचा तो वाफसाच.

११ फेब्रुवारी

आता १ ते ७ या झाडांकडे वळलो. नव्या पानांवर हिरव्या शिरांची जाळी हे लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे लक्षण आहे. पण मातीत लोह सहसा भरपूर असते, त्यामुळे ते नाही असे मानण्याऐवजी ते झाडाला का मिळत नाही हे शोधणे योग्य वाटले. एक भाग माती आणि दोन भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळून अर्धा तास ठेवले आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप; आकडा जितका मोठा तितकी माती कमी आम्ल) मोजला. ३ क्रमांकाच्या कुंडीत ७.९, ५ मध्ये ७.८, मागच्या ओळीतील १३ मध्ये ७.७, आणि हिरव्यागार ९ क्रमांकात ६.६.

मिरचीला साधारण ६ ते ६.८ सामू मानवतो. त्याच्या वर गेल्यावर लोह मातीत असूनही अविद्राव्य रूपात बांधले जाते. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते.

९ आणि १० या झाडांचे कोडेही येथेच सुटले. नळाची रबरी नळी त्या टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्या दोन कुंड्यांना मी सुरुवातीपासून पावसाचे पाणी साठवलेल्या पिंपातून झारीने पाणी देत आलो आहे. नळाच्या पाण्याचा सामू ७.८ आला आणि ते उकळले की भांड्याला पांढरा थर बसतो, म्हणजे त्यात बायकार्बोनेट बरेच आहेत. नऊ आठवडे हे पाणी म्हणजे नऊ आठवडे थोडा थोडा चुना घालण्यासारखेच झाले.

१२ फेब्रुवारी

निदान आणखी पक्के करण्यासाठी एक जुनी, साधी चाचणी केली. फ्रान्समधील युसेब ग्रिस यांनी १८४० च्या दशकात लोहाच्या क्षाराचे द्रावण पिवळ्या पानांवर लावून पाने हिरवी होतात हे दाखवले होते. मी फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, असे ताजे द्रावण करून ३ क्रमांकाच्या झाडाचे एक पिवळे पान निवडले आणि मधल्या शिरेच्या फक्त डाव्या बाजूला मऊ कुंचल्याने ते लावले. उजवी बाजू कोरडी ठेवली. दुसऱ्या एका पानाच्या डाव्या बाजूला याच पद्धतीने मॅग्नेशियम सल्फेट लावले. दोन्ही देठांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले.

१७ फेब्रुवारी

पाचव्या दिवशी पान पाहिले. लोह लावलेली डावी बाजू हिरवी झाली आहे. ती एकसारखी हिरवी नाही. कुंचल्याचे फटकारे जिथे जाड पडले तिथे गडद आणि जिथे कुंचला निसटला तिथे पिवळे ठिपके तसेच आहेत, इतके की मी कुंचला कोणत्या दिशेने फिरवला ते पानावर वाचता येते. मधल्या शिरेपलीकडचा उजवा अर्धा भाग पूर्वीसारखाच लिंबाच्या रंगाचा आहे, कारण एका बाजूला मिळालेले लोह दुसऱ्या बाजूला गेलेच नाही. पुस्तकात वाचलेले 'लोह हलत नाही' हे वाक्य असे एका पानावर डोळ्यांनी पाहता आले, याचा मनापासून आनंद झाला. मॅग्नेशियम लावलेल्या पानावर काहीही बदल नाही.

१८ फेब्रुवारी

उपचार ठरवले. सामू उतरवण्यासाठी गंधक घालण्याचा विचार होता, परंतु कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे उठले. मातीत मोकळा चुना असल्याची ती खूण आहे, आणि अशा मातीत गंधकापासून तयार होणारे आम्ल आधी तो चुना विरघळवण्यातच खर्ची पडते. शिवाय गंधकाचे आम्ल मातीतील जिवाणू करतात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून तो मार्ग सोडला.

चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधले जाऊ नये म्हणून एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, निवडताना त्या रेणूचा प्रकार वाचणे आवश्यक आहे. घरात होते ते ईडीटीए प्रकारचे होते, ते सामू साधारण ६.५ च्या वर गेल्यावर मातीत लोह धरून ठेवत नाही. डीटीपीए प्रकार ७.५ पर्यंत चालतो. माझ्या ७.९ च्या मातीसाठी ईडीडीएचए प्रकारच हवा, तो याहून जास्त सामूतही टिकतो. १ ते ४ या कुंड्यांना प्रत्येकी अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी मुळाशी दिले, कारण हे द्रावण प्रकाशात खराब होते. रंग गडद लाल असतो, हातावर आणि फरशीवर डाग राहतात. ५ आणि ६ यांना लोह न देता फक्त पावसाचे पाणी. ७ क्रमांकाला नळाचेच पाणी, तुलनेसाठी. त्या झाडाला दोन आठवडे तसेच ठेवणे कठीण जाईल, पण त्याशिवाय कशामुळे काय झाले हे कळणार नाही.

२३ फेब्रुवारी

८ क्रमांकाची पाचवी धुलाई काल झाली. भिंगाखाली जिवंत कोळी नाही. जुने ठिपके जसेच्या तसे राहणार, रिकाम्या पेशी पुन्हा भरत नाहीत.

२८ फेब्रुवारी

१ ते ४ या झाडांना आलेली नवी पाने स्वच्छ हिरवी आहेत. ज्या पानांचा पिवळेपणा कमी होता ती जवळजवळ पूर्ववत झाली. जी पांढरट होऊन कडेने जळली होती ती तशीच आहेत. ५ आणि ६ मध्ये सर्वांत वरचे एक पान किंचित हिरवट, त्यापेक्षा अधिक नाही. ७ जास्तच फिकट झाले असून त्याचे शेंड्याचे पान आता शिरांसकट पांढुरके दिसते.

मागच्या ओळीत ११, १२, १३, १५ आणि १६ या झाडांना नवे कोंब फुटले. दुपारी मान टाकणे थांबले. १४ चा बुंधा मातीलगत मऊ पडला, ते झाड गेले.

४ मार्च

आज मागच्या ओळीत असे काही दिसले ज्याची मी अपेक्षा करायला हवी होती. ११ आणि १५ यांची नवी पाने पिवळी निघाली आणि त्यांच्या शिरा हिरव्या आहेत. या झाडांनाही नऊ आठवडे तेच नळाचे पाणी मिळाले होते आणि मूळच्या गोळ्यातील बरीच माती नव्या मिश्रणात तशीच गेली; मुळे गुदमरलेली असताना वाढच थांबली होती, नवी पाने येतच नव्हती, म्हणून लोहाची कमतरता दिसायला जागाच नव्हती. झाडाची वाढ सर्वांत कमी मिळणाऱ्या घटकापाशी अडते हे लिबिग यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व येथे अक्षरशः लागू पडले : प्राणवायूची अडचण दूर झाली आणि तिच्यामागे उभी असलेली लोहाची अडचण पुढे आली.

७ क्रमांकाची तुलना आज थांबवली. त्याला आणि मागच्या पाच झाडांना ईडीडीएचए लोहाची तीच मात्रा दिली.

१२ मार्च

पिंपातील पाणी संपत आले आहे आणि पंधरा झाडांना ते पुरणार नाही. नळाच्या पाण्यात सायट्रिक आम्ल चिमूट चिमूट घालून, दर वेळी ढवळून सामू मोजत ६.२ पर्यंत आणले आणि लागलेले वजन वहीच्या मागच्या पानावर लिहिले. हे प्रमाण दुसऱ्या कोणाच्या पाण्याला लागू होणार नाही, कारण आम्ल किती लागेल हे सामूपेक्षा पाण्यातील बायकार्बोनेटवर अवलंबून असते. सायट्रिक आम्लाला मातीतील जिवाणू खाऊन टाकतात, पण बायकार्बोनेट मात्र पाण्यातच निष्प्रभ होऊन जाते, आणि मला हवे आहे ते तेवढेच.

नत्रासाठी आजपासून थोडे अमोनियम सल्फेट, लिटरला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. मूळ अमोनियम शोषते तेव्हा आपल्याभोवतीची माती किंचित आम्लधर्मी करते. नायट्रेट शोषताना याच्या उलट घडते. एकच अन्नद्रव्य कोणत्या रूपात द्यावे याला माझ्या मातीत एवढे महत्त्व असेल, असे आधी वाटले नव्हते.

२१ मार्च

३ क्रमांकाची माती पुन्हा मोजली, सामू ७.४. ५ मध्ये ७.३. उतार धिमा आहे, पण दिशा योग्य आहे. ५ आणि ६ यांची वरची चार पाने आता हिरवी आहेत, म्हणजे केवळ पाणी बदलूनही झाड सावरते. १ ते ४ या झाडांच्या तुलनेत त्याला सुमारे तीन आठवडे जास्त लागले आणि त्या काळात दोन्ही झाडांची फुले गळाली. १ ते ४ यांना बोटाएवढ्या मिरच्या लागल्या आहेत.

११ आणि १५ यांची नवी पाने हिरवी. १३ ला पहिली कळी, ती राहू दिली.

२ एप्रिल

दोरा बांधलेले ते अर्धे हिरवे, अर्धे पिवळे पान आज देठापासून गळाले. शेवटपर्यंत मधल्या शिरेवरची ती सीमारेषा तशीच होती. ते वहीत दाबून ठेवले आहे. १४ ची रिकामी कुंडी धुऊन उन्हात उपडी ठेवली आहे. तिच्या तळाला आणखी चार भोके पाडायची आहेत.